परदेशी गेलेला मतदार आणि सीमाभागाचे मत

बेळगाव लोकसभा मतदारसंघात 2019 साली 23 एप्रिलला मतदान झाले. 2024 साली 7 मे रोजी झाले. कर्नाटक विधानसभेचे मतदान 2018 साली 12 मे रोजी आणि 2023 साली 10 मे रोजी पार पडले. या चारही तारखा वाचकांनी एका ओळीत मांडून पाहाव्यात. शाळांना सुट्टी लागलेली असते, मुलाबाळांकडे जाण्याचे बेत वर्षभर आधी ठरलेले असतात, आणि लग्नसराई तर अंगणात उभीच असते. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या भागातील मतदानकेंद्रे उघडतात. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस गेलेली आई, मुलाच्या पदवीदानासाठी इंग्लंडला गेलेले वडील, रजा न मिळाल्याने दुबईत अडकलेला वेल्डर, या सर्वांची नावे यादीत असतात, ओळखपत्रे कपाटात असतात, आणि मत मात्र पेटीत पडत नाही.

हा प्रश्न किरकोळ आहे, चार श्रीमंतांच्या सहलींचा आहे, असे कोणी म्हणेल तर ते आम्हास मान्य नाही. निपाणी, खानापूर, बेळगाव, कारवार या भागांतून परमुलखी पोटासाठी गेलेल्यांत धनिकांपेक्षा कारागीरच अधिक भरतील. आणि ज्या समाजाचा लढाच मुळी मतांच्या मोजणीवर उभा आहे, त्या समाजाने एकही मत किरकोळ मानणे हा आत्मघात होय.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. कारण याविषयी गैरसमजच फार. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 याच्या कलम 20 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, आपल्या राहत्या ठिकाणाहून तात्पुरता दूर गेलेला मनुष्य केवळ तेवढ्याच कारणाने तेथील रहिवासी असण्याचे थांबत नाही. म्हणजे महिना-दोन महिन्यांच्या प्रवासासाठी गेलेल्याचे नाव यादीतून काढण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु नाव राहते एवढेच. मत देण्यासाठी त्याला स्वतःच्या पायांनी आपल्या केंद्रावर यावे लागते. सामान्य प्रवाशासाठी टपालाने मत पाठविण्याची सोय नाही, वकिलातीत मतपेटी नाही, कोणास आपल्या वतीने उभे करण्याची मुभा नाही.

जे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दीर्घकाळ परदेशी राहतात आणि ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नाही, त्यांच्यासाठी 2010 च्या दुरुस्तीने त्याच कायद्यात कलम 20अ घालण्यात आले व ते 2011 मध्ये अमलात आले. त्यानुसार त्यांनी नमुना 6अ भरला म्हणजे पारपत्रावरील भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात त्यांचे नाव चढते. अशा मतदारास ओळखपत्र मिळत नाही; मूळ पारपत्र हेच त्याचे ओळखपत्र. पण येथेही अट तीच: मतदानाच्या दिवशी केंद्रावर हजर व्हा. हक्क द्यायचा आणि तो बजावण्याची वाट मात्र हजारो मैलांची ठेवायची, असा हा विचित्र न्याय आहे.

त्याचे फळ आकड्यांत दिसते. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत या वर्गात नाव नोंदविलेले मतदार 1 लाखाच्या जवळपास होते. प्रत्यक्ष मत दिले सुमारे 25,600 जणांनी, आणि त्यांतील 25,500 हून अधिक एकट्या केरळचे. 2024 साली नोंदलेल्यांची संख्या सुमारे 1 लाख 19 हजारांवर गेली, पण मत देण्यास आले ते 3 हजारांहूनही कमी. त्यांतही केरळचेच 2,600 हून अधिक. उरलेल्या साऱ्या देशाच्या वाट्यास तीनशेसुद्धा नाहीत. मल्याळी बांधवांच्या आखातातील संघटना विमाने ठरवून मतदारांना गावी आणतात, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांच्या चिकाटीस आमचा नमस्कार असो. परंतु ज्या हक्कासाठी विमान ठरवावे लागते तो हक्क गरिबाचा कसा म्हणावा?

आता दुसरे चित्र पाहावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे. सीमाभागातील कितीएक घरांतून एक भाऊ पलटणीत आणि दुसरा आखातात असे दृश्य आढळते. पलटणीतला भाऊ बर्फाच्या ठाण्यावर असला तरी त्याची मतपत्रिका 2016 च्या नियमदुरुस्तीमुळे विद्युत मार्गाने त्याच्यापर्यंत पोहोचते. तो ती छापून घेतो, खूण करतो आणि टपालाने परत धाडतो. मतमोजणी सुरू होण्यापूर्वी ती पोहोचली की मोजली जाते. परदेशातील वकिलातींत नेमलेल्या सरकारी नोकरांनाही हीच सोय आहे. हे योग्यच आहे, आणि जवानाचा मान पहिला यात दुमत नाही. आमचा प्रश्न एवढाच की, जे यंत्र एका भावासाठी चालते ते दुसऱ्या भावासाठी का चालू नये?

यावर सरकारी उत्तर असे असते की, कायदा बदलावा लागेल. पण 1951 च्या कायद्याचे कलम 60 वाचले तर दिसते की, निवडणूक आयोगाने सरकारशी विचारविनिमय करून एखादा वर्ग अधिसूचित केल्यास त्या वर्गास टपालाने मत देता येते. याच वाटेने 2019 मध्ये 80 वर्षांवरील वृद्धांना व अपंगांना घरबसल्या मत देण्याची सोय झाली. 2024 मध्ये ही वयोमर्यादा 85 करण्यात आली. आयोगाने स्वतः 2020 च्या नोव्हेंबरात विधि मंत्रालयास लिहून परदेशस्थ मतदारांसाठी जवानांच्या धर्तीवर मतपत्रिका पाठविण्याची तयारी दर्शविली होती. तेव्हा दार बंद आहे असे नाही; दार ढकलणारा हात नाही.

मध्यंतरी एक वेगळीच वाट काढण्यात आली होती. परदेशस्थ मतदाराने गावातील कोणास प्रतिनिधी नेमावे आणि त्याने त्याच्या वतीने मत द्यावे, असे विधेयक 2017 मध्ये मांडले गेले. 2018 च्या 9 ऑगस्टला लोकसभेने ते संमत केले. राज्यसभेत ते पुढे सरकले नाही आणि 2019 मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले. त्याबद्दल आम्हास हळहळ वाटत नाही. मत ही गुप्त आणि स्वतःची वस्तू आहे. ते दुसऱ्याच्या हाती दिले की गुप्तता गेली; आणि आपल्या समाजाची घडी लक्षात घेता, घरातील कर्त्या पुरुषाच्या खिशात सुना-लेकींची मते जमा होण्यास वेळ लागणार नाही. गावच्या पुढाऱ्याने दहा-वीस प्रतिनिधिपत्रे गोळा करणे हे तर त्याहून सोपे. टपाली मत हवे, उसने मत नको, अशी आमची भूमिका आहे.

टपाली मतावरही आक्षेप आहेत आणि ते आम्ही डोळ्यांआड करीत नाही. आखातात कित्येक मजुरांवर मालकाची करडी नजर असते. अशा ठिकाणी मत निर्भयपणे नोंदविले जाईल काय? मतपत्रिका वेळेवर परत येईल काय? पहिल्या शंकेचे निरसन वकिलातीत अधिकाऱ्यासमक्ष ओळख पटवून आणि आडोशाआड खूण करून घेण्याने पुष्कळसे होऊ शकते. दुसऱ्या शंकेचे उत्तर दिनदर्शिकेत आहे. 2024 साली बेळगावचे मतदान 7 मे रोजी होऊन मोजणी 4 जूनला झाली. मध्ये पुरते चार आठवडे होते. विधानसभेच्या वेळी मात्र, 2023 साली, 10 मेचे मतदान आणि 13 मेची मोजणी यांत तीनच दिवस होते. तेथे मतपत्रिका उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपताच पाठवावी लागेल. ती मुदत आणि मतदान यांत निदान चौदा दिवस असावेत असा नियम आहेच. अडचण आहे, पण ती व्यवस्थेची आहे, तत्त्वाची नाही.

इंग्लंडचा नागरिक मतदानाच्या दिवशी सहलीस जाणार असला तरी टपाली मतासाठी अर्ज करू शकतो. एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशाने 2005 पासून मतदारांस घरून यंत्राद्वारे मत देण्याची मुभा दिली आहे. आपण त्यांची नक्कल करावी असे आम्ही म्हणत नाही. कोट्यवधी मतदारांच्या देशाची पावले जपून पडली पाहिजेत. पण जपून टाकलेले पाऊल आणि न टाकलेले पाऊल यांत फरक आहे.

गोव्याच्या इतिहासातील एक प्रसंग येथे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. 16 जानेवारी 1967 रोजी तेथे विलीनीकरणावर जनमतकौल झाला. मुंबईत व अन्यत्र राहणाऱ्या गोमंतकीयांनाही मत द्यावे अशी मागणी त्या वेळी झाली होती आणि ती फेटाळण्यात आली. कौल महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या विरुद्ध 34,021 मतांनी गेला. ती मागणी प्रामुख्याने विलीनीकरणाच्या विरोधकांची होती. आमच्या विचाराच्या मंडळींना ती गैरसोयीची वाटणे स्वाभाविक होते. तथापि तत्त्व सोयीनुसार बदलत नसते. ज्याचे घर, जमीन, आईबाप आणि अंत्यविधीची जागा एका गावी आहे, त्या गावाच्या भवितव्यावर त्यास बोलू द्यावे, मग त्याचे मत आमच्या बाजूस पडो वा विरुद्ध पडो. हाच न्याय आम्ही 865 गावांसाठी मागत आलो आहोत. तो इतरांना नाकारून आम्हास मागता येणार नाही.

मात्र कायदा बदलेपर्यंत हात जोडून बसावे असा याचा अर्थ नव्हे. जे आपल्या हाती आहे ते आधी करावे. निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होणे आणि मतदान होणे यांत अवधी मिळतो: 2023 साली 29 मार्चला घोषणा झाली, म्हणजे सहा आठवडे मिळाले, 2024 साली 16 मार्चला झाली, म्हणजे सात आठवड्यांहून अधिक मिळाले. कर्नाटक विधानसभेची मुदत 2028 मध्ये आणि लोकसभेची 2029 मध्ये संपते. त्या वर्षांतील एप्रिल-मेचे परदेशप्रवास ठरविताना तारीख बदलता येईल असेच तिकीट काढावे, अथवा घोषणा होईपर्यंत थांबावे. नाव यादीत आहे की नाही हे उमेदवारी अर्जांच्या अखेरच्या दिवसापूर्वी तपासावे, कारण त्यानंतर यादीत नाव घालता येत नाही. परदेशी दीर्घकाळ राहणाऱ्या मुलांचे नमुना 6अ चे अर्ज आईबापांनी त्यांच्या मागे लागून भरून घ्यावेत. एकाच माणसाचे नाव गावी आणि पुण्या-मुंबईत अशा दोन ठिकाणी ठेवणे हा कायदेभंग आहे. त्या मोहात कोणी पडू नये.

गोमंतकीय वाचकांस आणखी एक सूचना. 2025 च्या नोव्हेंबरात गोव्यात मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले, तेव्हा घरोघर फॉर्म भरून घेण्यात आले आणि घरी नसलेल्याच्या वतीने कुटुंबातील प्रौढ व्यक्तीस सही करण्याची मुभा होती. अशा कामात घरच्यांनी आळस केला तर बोटीवर गेलेल्या मुलाचे नाव स्थलांतरिताच्या रकान्यात जाण्यास वेळ लागत नाही. आणि ज्यांनी पोर्तुगालचे नागरिकत्व पत्करले आहे त्यांनी हेही ध्यानी ठेवावे की, त्यासरशी भारताचे नागरिकत्व व मताधिकार दोन्ही जातात. परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून मिळणाऱ्या कार्डाने मत देता येत नाही.

एका मताने काय होते, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर दूरचे नाही. याच कर्नाटकात 2004 साली संथेमरहळ्ळी मतदारसंघात एक उमेदवार नेमक्या एका मताने पराभूत झाला. 2021 च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत विजयी आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांत 5,240 मतांचे अंतर होते, आणि समितीच्या तरुण उमेदवारास 1 लाख 17 हजारांवर मते पडली. ती मते जिंकली नाहीत हे खरे. पण सीमाभागात मराठी माणूस उरलाच नाही असे म्हणणाऱ्यांना त्या आकड्यापुढे मान खाली घालावी लागली.

1 नोव्हेंबर 1956 पासून या भूमीवरील अन्याय चालू आहे. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गुदरलेला दावा दोन दशके उलटली तरी निकालाविना आहे. न्यायालयाचा निकाल आपल्या हाती नाही. मतपेटीतील निकाल काही अंशी आहे. दर निवडणुकीस आपली संख्या दिसली तरच आपला प्रश्न जिवंत आहे हे दिल्लीस कळते. म्हणून महाराष्ट्रातील खासदारांनी टपाली मताचा हा प्रश्न संसदेत मांडावा, आणि सीमाभागातील संघटनांनी परदेशी असलेल्या आपल्या बांधवांची गावनिहाय यादी करण्याचे काम आजच हाती घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. गाव सोडून गेलेला माणूस गावाचाच असतो. त्याचे मतही गावाचेच आहे. ते परमुलखात वाया जाऊ देणे आपणास परवडणारे नाही.