व्ह्यू 40 हजार, पोरं अकरा

वाचकहो, शेतीभातीच्या पानावर डान्स क्लासचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटले असते. मी कृषी पदविका घेतलेला माणूस. टोमॅटोवरचा करपा ओळखावा, ठिबकच्या अनुदानाचे कागद तपासावेत, हे माझे काम. नाचातले मला काही कळत नाही. वरातीतसुद्धा मी कडेलाच उभा असतो.

पण आमच्या जुन्नर तालुक्यातल्या एका टोमॅटोवाल्याच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी बाजारपेठेत, खताच्या दुकानावरच्या गाळ्यात डान्स क्लास काढला. पुण्यात शिकून आलेला, अंगात कला असलेला पोरगा. भिंतीला आरसे, मोठा स्पीकर. बापाने टोमॅटोच्या एका चांगल्या सालाचे पैसे त्यात घातले. मागच्या जूनमध्ये त्याने मला रस्त्यात गाठले. "साहेब, तुमचे ते शेतकऱ्यांचे ग्रुप कसे चालतात हो? माझ्या रीलला 40 हजार व्ह्यू आले, पण क्लासला पोरं अकराच. गाळ्याचं भाडं बी निघंना."

मी म्हणालो, दाखव बघू तुझी रील. सगळ्या त्याच्या एकट्याच्या. धूर, लाल दिवे, कोलांटी उडी. खाली शाबासकी देणारे कोण, तर कोणी नागपूरचा, कोणी बिहारचा. त्यातला एक तरी संध्याकाळी साडेपाचला पोरीला घेऊन जिना चढणार आहे का? मार्केटात क्रेटभोवती गर्दी जमते, म्हणून माल विकला असे होत नाही. बोली लावणारे दोघे-तिघेच असतात. याचे गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या दहा किलोमीटरांतल्या आया. आणि त्या माउलीला कोलांटी उडी बघून उलट धास्तीच वाटते, की आपल्या बाळूचे हातपाय मोडतील.

आम्ही विस्तारवाल्यांनी ही चूक आधीच करून घेतली आहे. मोठ्या बागाईतदाराचा डोळे दिपवणारा प्लॉट दाखवायचा आणि लोकांनी 'त्यांचं काय बाबा, त्यांना परवडतं' म्हणून चहा पिऊन घरी जायचे. पण बांधाला बांध लागून असलेल्या दोन एकरवाल्याने तेच करून दाखवले, की पुढच्या हंगामात तीन घरे विचारायला येतात. म्हणून त्याला सांगितले, तुझा नाच बंद कर. पहिल्या दिवशी भिंतीला चिकटून उभे राहिलेले पोर तिसऱ्या महिन्यात कसे नाचते, ते दाखव. फी किती, वेळ काय, मुलींची बॅच निराळी आहे का, शेवटची एसटी मिळते का, हे स्वच्छ मराठीत लिही. आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप कर. स्टेटस 24 तासच राहते, पण ते बघणारी ओळखीची माणसे असतात. नकाशावर क्लासची जागा टाक, तिला पैसे पडत नाहीत. पैसे देऊन जाहिरात करायचीच असेल तर आपल्या गावाभोवतीचे अंतर तेवढे निवड, सगळ्या महाराष्ट्राला दाखवून काय करायचे? आणखी एक, जे त्यालाही ठाऊक नव्हते: इन्स्टाग्रामवर धंद्याचे खाते केले की सिनेमाची सगळी गाणी वापरायला मिळत नाहीत. गाण्यावरच पोट असणाऱ्याने हे आधी बघावे.

आमच्या नारायणगावात तर याचा जुना धडा आहे. पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. आज मोठ्या फडांचा कार्यक्रम मोबाईलवर बसल्या जागी दिसतो. तरी माणसे जीप करून येतात, राहुटीत बसतात, तारीख विचारतात, घासाघीस करतात. बघणे निराळे आणि सुपारी देणे निराळे. म्हणून क्लासनेही महिन्यातून एक रविवार दार उघडे ठेवावे, आईबापांना आत बसवावे. मोबाईलने फक्त त्या रविवारचे निमंत्रण करावे.

इथवर सगळे सोपे होते. खरे दुखणे पुढे आहे, आणि त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

माझे ऐकून त्याने विद्यार्थ्यांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. त्यात नववीतली एक मुलगी होती. शाळेच्या गॅदरिंगचा सराव, अंगात साधा पंजाबी ड्रेस, नाच अगदी नेटका. कोणीतरी तो व्हिडिओ उचलला, दुसरेच गाणे चिकटवले आणि गावाचे नाव घालून फिरवला. खाली जे लिहिले होते ते इथे छापण्याजोगे नाही. दोन दिवसांत तो चुलत्याच्या मोबाईलवर आला. क्लास बंद झालाच; आठ दिवस पोरगी शाळेतही गेली नाही.

मी त्याला घेऊन तिच्या घरी गेलो. बाप बोललाच नाही. आईने पाणी दिले आणि म्हणाली, "साहेब, शिकवायला धाडली व्हती आम्ही. दाखवायला न्हाई." मला उत्तर सुचले नाही. व्हिडिओ टाकण्याचा सल्ला माझाच होता. प्लॉटचा फोटो लावताना मी शेतकऱ्याला विचारतो, मग पोरीच्या बाबतीत 'आधी विचार' हे सांगायचे मला का सुचू नये?

गावात नंतर दोन मते पडली. एक म्हणे, क्लासच बंद करा. हे मला मुळीच पटत नाही. जत्रेत लावणीला शिट्ट्या मारायच्या, नोटा उधळायच्या आणि आपल्या शेजारची पोर नाचली की तिची अब्रू काढायची, ही कुठली रीत? विठाबाई नारायणगावकर याच गावच्या. 1990 साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, त्याचा अभिमान आम्ही सांगत फिरतो. तो अभिमान त्या नववीतल्या पोरीपाशी येऊन का थांबतो? घाण लिहिणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही. आठ दिवस घरात बसली ती पोरगीच.

दुसरे मत असे, की एवढे काय मनावर घ्यायचे, आजकाल सगळेच टाकतात. तेही मला मान्य नाही. क्लासमध्ये नाव घातले म्हणजे जाहिरातीला होकार दिला असे होत नाही. प्रवेशाच्या कागदावर हा प्रश्न वेगळा विचारावा, पालकांची सही घ्यावी आणि 'नाही' म्हणणाऱ्याच्या मुलाला शिकवताना डावे-उजवे करू नये. इन्स्टाग्रामचा स्वतःचाच नियम आहे की 13 वर्षांखालच्या मुलाने खाते काढू नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलेली आहे. कायदा राहू द्या, साधी रीतही तीच सांगते. मुलांचे नाव, गाव, शाळा लिहू नये. शाळेचा गणवेश दिसू देऊ नये. खालच्या प्रतिक्रिया बंद ठेवता येतात, त्या ठेवाव्यात. आणि पालकांचा फोन आला की कारण न विचारता व्हिडिओ काढून टाकावा.

जाता जाता एक सांगतो. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या कित्येक नाचणाऱ्या पोरांचे लाखो चाहते एका रात्रीत गेले. कारण ते चाहते दुसऱ्याच्या वाड्यात बसलेले होते. म्हणून त्या पोराला मी साधी लाल वही करायला लावली आहे. विद्यार्थ्याचे नाव, पालकाचा फोन, फीची तारीख आणि शेवटच्या रकान्यात व्हिडिओला होकार की नकार.

सध्या त्या वहीत 26 नावे आहेत, त्यांत नऊ जणांचा नकार आहे. रीलला तीनशेच्या वर व्ह्यू जात नाहीत. गाळ्याचे भाडे मात्र निघते. त्या मुलीचे नाव त्याने खोडलेले नाही. शाळेत ती जायला लागली आहे, क्लासला अजून आलेली नाही. मागच्या महिन्याच्या उघड्या रविवारी तिची आई एकटीच येऊन, मागच्या बाकावर तासभर बसून गेली.