यंत्राचा धनी कोण? : अभ्यासकेंद्रासाठी दहा विज्ञानपट

पक्षाच्या अभ्यासकेंद्रात ग्रंथांचे कपाट असावे, याविषयी आपल्यात कधीही दुमत नव्हते. मात्र त्या कपाटात एक खण चित्रपटांचा असावा आणि त्या खणात विज्ञानपटांना मानाची जागा मिळावी, असे सुचविले की भुवया उंचावतात. अंतराळयाने, यंत्रमानव आणि अक्राळविक्राळ प्राणी यांच्या कथांशी श्रमिकांच्या लढ्याचा काय संबंध, असा प्रश्न केला जातो. दुसरीकडे उत्साही तरुण साथींचा आग्रह असतो की, जगात जे जे गाजले ते ते सारे जमवावे. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. पहिलीत श्रमिकांच्या जीवनातील एका मूलभूत प्रश्नाकडे पाठ फिरविली जाते. दुसरीत निवडीची जबाबदारीच टाळली जाते.

तो मूलभूत प्रश्न यंत्राचा आहे. वाफेवर चालणारा माग आला तेव्हापासून कामगाराचे सुखदुःख यंत्राशी बांधले गेले. आज पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दुचाकीवरून घरोघरी जेवण पोचविणाऱ्या तरुणाला काम कोणते, दर किती आणि दंड कशाबद्दल, हे सारे हातातील मोबाईल सांगतो. त्याला मुकादम दिसत नाही, मालकाचा तर चेहराही ठाऊक नसतो. आणि हे असे का, असे कुणी विचारले तर उत्तर मिळते, ‘ही प्रगती आहे.’ चांगला विज्ञानपट नेमका या उत्तराचा समाचार घेतो. तो एखादे यंत्र कल्पनेने शेवटच्या टोकापर्यंत नेतो आणि मग त्याचा धनी कोण, हे उघड करून दाखवितो. म्हणून निवडीसाठी तीन प्रश्नांची कसोटी लावावी, असे आम्ही सुचवितो. यंत्र कुणाच्या मालकीचे आहे? ते कुणाच्या श्रमावर चालते? आणि ते कसे असावे, हे कुणी ठरविले?

आरंभ ‘मेट्रोपोलिस’पासून करावा. फ्रिट्झ लांग यांनी दिग्दर्शित केलेला हा जर्मन मूकपट १९२७ साली बर्लिनमध्ये प्रथम दाखविला गेला. वर उद्यानांत क्रीडा करणारे धनिकपुत्र आणि खाली भूगर्भात पाळ्यांमागून पाळ्या राबणारे कामगार, असे त्यातील नगर आहे. कामगारांना चिथावण्यासाठी मालक त्यांच्या आवडत्या मारियाच्या रूपात एक यंत्रस्त्री पाठवितो. कामगार यंत्रे फोडतात आणि त्यांचीच वस्ती पाण्याखाली जाते. अखेरीस मालकाचा मुलगा बाप आणि मुकादम यांचे हात एकमेकांच्या हातात देतो व पडदा पडतो. मालकी मात्र जिथल्या तिथे राहते! एच. जी. वेल्स यांनी त्याच वर्षी या चित्रपटावर अत्यंत कठोर टीका लिहिली. पटकथा लिहिणाऱ्या थेआ फॉन हार्बू यांनी पुढे नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले. वर्गसमन्वयाचे गोड स्वप्न कुणाच्या सोयीचे असते, हे समजण्यासाठी याहून चांगला धडा सापडणार नाही. ज्याचा निष्कर्ष आपल्याला मान्य नाही, असे चित्रपटही संग्रहात हवेत, हे यावरून ध्यानात यावे.

त्याच्या जोडीला याकोव्ह प्रोताझानोव यांचा १९२४ सालचा सोव्हिएत मूकपट ‘एलिता’ ठेवावा. यात मंगळावर कामगारांचा उठाव होतो. राणी एलिता त्याचे नेतृत्व करते आणि विजय दृष्टीपथात येताच सैन्याला कामगारांवरच गोळ्या झाडण्याचा हुकूम देते. नंतर कळते की, हे सारे एका अभियंत्याचे दिवास्वप्न होते. वरून आलेल्या नेतृत्वावर श्रमिकांनी किती विसंबावे, हा प्रश्न मात्र त्या स्वप्नाबरोबर विरत नाही. ज्या चळवळीने राजवाड्यातून आलेले पुष्कळ मित्र पाहिले आहेत, त्या चळवळीत यावर एक संध्याकाळ चर्चा व्हायला हरकत नसावी.

तिसरा चित्रपट आपल्याकडे फारसा परिचित नाही. पण गिरणी कामगारांच्या महाराष्ट्राने तो अवश्य पाहावा. ‘द मॅन इन द व्हाइट सूट’ हा अलेक्झांडर मॅकेंड्रिक यांचा ब्रिटिश चित्रपट १९५१ सालचा. अ‍ॅलेक गिनेस यांनी रंगविलेला तरुण संशोधक कधीही न मळणारे व न झिजणारे कापड शोधून काढतो. गिरणीमालक हादरतात, कारण एकदा घेतलेले कापड पुन्हा कुणी घेणार नाही. कामगारही हादरतात, कारण मग गिरण्या चालणार कशासाठी? दोघे मिळून त्याच्या मागे धावतात. कपडे धुऊन पोट भरणारी त्याची वृद्ध घरमालकीण त्याला विचारते, माझ्या चार पैशांच्या धुण्याचे काय? त्याला उत्तर सुचत नाही. हा विनोदी चित्रपट आहे, पण त्यातील पेच हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कामगार शोधाच्या विरोधात का जातो? तो अडाणी असतो म्हणून नव्हे. शोधाचे फळ त्याच्या वाट्याला येणार नाही, हे तो अनुभवाने जाणतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे व मॉल उभे राहिले. तेव्हाही ‘जुनी यंत्रे’ हे कारण पुढे केले गेले. जमिनीच्या भावाविषयी मात्र मौन पाळले गेले.

येथे केवळ मालकीचा प्रश्न विचारून भागत नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ साली पंचमढीच्या अधिवेशनात भांडवलशाही आणि साम्यवाद या दोहोंचे उत्पादनतंत्र एकच असल्याचे सांगून लहान यंत्राचा विचार मांडला होता. यंत्राचा धनी बदलला तरी यंत्र तेच राहिले, तर माणसाचे काय होईल? आमच्या कसोटीतील तिसरा प्रश्न या विचारातून आलेला आहे.

अण्वस्त्रांविषयी दोन चित्रपट घ्यावेत. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. तिच्यावरील रेडिओचालक सप्टेंबरमध्ये मरण पावला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. अणुस्फोटांनी चाळवलेला तो प्राणी मुलांच्या करमणुकीसाठी निर्माण झालेला नव्हता. ते एका जखमी देशाचे दुःख होते. त्यातील शास्त्रज्ञ आपले भयानक शस्त्र राज्यकर्त्यांच्या हाती पडू नये म्हणून कागदपत्रे जाळतो आणि स्वतःलाही संपवितो. १९५६ साली अमेरिकेत तो दाखविताना अणुबॉम्बविषयीचे बरेचसे बोलणे कापून एका अमेरिकन वार्ताहराचे पात्र घुसडण्यात आले. संग्रहात मूळ जपानी प्रतच हवी.

दुसरा पीटर वॉटकिन्स यांचा ‘द वॉर गेम’. ब्रिटनवर अणुहल्ला झाला तर केंट परगण्यातील सामान्य माणसांचे काय होईल, हे तो वार्तापटाच्या शैलीत दाखवितो. बीबीसीने तो १९६५ साली स्वतःच तयार करविला आणि मग प्रक्षेपित करण्यास नकार दिला. पुढे त्याला सर्वोत्तम माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. तरी १९८५ सालापर्यंत तो बीबीसीवर दिसला नाही. पोखरणच्या १९७४ आणि १९९८ सालच्या स्फोटांनंतर आपल्याकडे जो उन्माद उसळला, तो आठवून हे अठ्ठेचाळीस मिनिटांचे चित्रण पाहावे.

दूरचित्रवाणी मालिका संपूर्ण जमविण्याच्या फंदात पडू नये; नेमके भाग निवडावेत. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ ही मालिका १९६६ ते १९६९ या काळात प्रक्षेपित झाली. तिच्यातील ‘द क्लाउड माइंडर्स’ हा १९६९ सालचा भाग आपल्या कामाचा आहे. ढगांतील नगरात कलासक्त शासक राहतात आणि खाली खाणीत राबणाऱ्यांना ते जन्मतःच मतिमंद समजतात. प्रत्यक्षात खनिजातून निघणारा वायू खाणकामगारांची बुद्धी बधिर करीत असतो; तोंडावर साधी जाळी बसविली की हे ‘जन्मजात’ हीनत्व नाहीसे होऊ लागते. जातिव्यवस्थेचे समर्थन ऐकत वाढलेल्या आपल्या समाजाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध आपल्याकडे १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले. तरीही गटारात उतरणारे कामगार विषारी वायूने गुदमरून मरतात.

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित झाला. त्याचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे मूळचे लखनौचे. या मालिकेतील ‘द सन मेकर्स’ ही रॉबर्ट होम्स यांनी लिहिलेली १९७७ सालची चार भागांची कथा घ्यावी. प्लूटोवर एका कंपनीने कृत्रिम सूर्य बसविले आहेत आणि प्रत्येक गोष्टीवर कर आहे. बापाच्या मृत्यूवरील कर भरता येत नाही, म्हणून एक कामगार जीव द्यायला निघतो, तेथून कथा सुरू होते आणि उठावापर्यंत पोचते.

कंपनीच्या राज्याचे अधिक गंभीर चित्र रिडली स्कॉट यांच्या १९७९ सालच्या ‘एलियन’मध्ये आहे. लोक तो भयपट म्हणून पाहतात. आपण तो मालवाहू जहाजावरील सात कामगारांची कथा म्हणून पाहावा. यंत्रशाळेतील दोघे आरंभापासून बोनसच्या अन्याय्य वाटणीविषयी तक्रार करीत असतात. अनोळखी संकेताचा शोध घेतला नाही तर मोबदला बुडेल, असे करारातच लिहिलेले असते. तो हिंस्र जीव परत आणावा, त्यासाठी कामगार मेले तरी चालतील, असा कंपनीचा गुप्त हुकूम असतो. खरा राक्षस कोणता, हे वेगळे सांगायला नको.

आजच्या काळाला सर्वांत जवळचा आहे अ‍ॅलेक्स रिव्हेरा यांचा २००८ सालचा ‘स्लीप डीलर’. मेक्सिकोतील तरुण सरहद्दीवरच्या कारखान्यात शरीराला तारा जोडून उभे असतात आणि त्यांच्या हालचालींनी अमेरिकेतील यंत्रमानव बांधकाम करतात. अमेरिकेला श्रम हवेत, श्रमिक नकोत. गावाकडची नदी धरणात अडविलेली आहे आणि स्वतःचेच पाणी लोकांना कंपनीकडून विकत घ्यावे लागते. परदेशी ग्राहकांच्या घड्याळाप्रमाणे रात्रपाळी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा चित्रपट दूरचा वाटणार नाही.

दहावा चित्रपट आपल्याला टोचणारा आहे आणि म्हणूनच तो वगळू नये. लिझी बॉर्डन यांच्या १९८३ सालच्या ‘बॉर्न इन फ्लेम्स’मध्ये अमेरिकेत शांततामय समाजवादी क्रांती होऊन दहा वर्षे लोटली आहेत. सत्ता समाजवादी पक्षाची आहे. तरीही कामावरून प्रथम स्त्रियांनाच काढले जाते, रस्त्यावर त्या असुरक्षितच असतात आणि त्यांनी संघटना बांधली की ‘ही फूट पाडण्याची वेळ नव्हे’ असे त्यांना ऐकविले जाते. हे वाक्य आपल्या किती बैठकांत उच्चारले गेले आहे, याचा प्रत्येकाने आपापल्या मनाशी विचार करावा.

यात ‘स्टार वॉर्स’ नाही, कारण तो पाहण्यासाठी कुणाला पक्षाच्या मदतीची आवश्यकता नाही. कुब्रिक आणि तार्कोव्हस्की यांच्या थोर कृतीही नाहीत. त्यांचा विषय प्रामुख्याने मानवी ज्ञानाच्या मर्यादांचा आहे आणि त्यांच्यासाठी दुसरी यादी करता येईल. भारतीय चित्रपट का नाही, असे विचारले जाईल. सत्यजित राय यांची परग्रहवासीयावरील ‘द एलियन’ ही पटकथा १९६७ साली लिहून तयार होती, पण पडद्यावर आली नाही, एवढी एक गोष्टही याबाबत बोलकी आहे.

एक व्यावहारिक बाब. चित्रपट आज कंपन्यांच्या वाहिन्यांवर भाड्याने दिसतात आणि एके दिवशी न सांगता नाहीसे होतात. ‘मेट्रोपोलिस’ची बर्लिननंतर निर्दय कापाकापी झाली, त्याची जवळजवळ पूर्ण प्रत २००८ साली ब्यूनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात सापडली, ती कुणीतरी जपून ठेवली होती म्हणून. ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातील अनेक भाग खुद्द बीबीसीने पुसून टाकले. यासाठी प्रत आपल्या कपाटात असावी आणि जाहीर खेळासाठी आवश्यक ती परवानगी रीतसर घ्यावी.

महिन्यातून एक चित्रपट, असे दहा महिन्यांचे वर्ग प्रत्येक जिल्हा केंद्राला घेता येतील. चित्रपटापूर्वी एका साथीने कथासूत्र मराठीत सांगावे आणि वरचे तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. चर्चेचा आरंभ मात्र वक्त्याने करू नये. सभागृहात यंत्रावर काम करणारा जो असेल, मग तो यंत्रमागावरचा असो, संगणकावरचा असो वा दुचाकीवरचा, त्याने प्रथम बोलावे.