विश्लेषण : हप्ता दर महिन्याला, पीक वर्षातून दोनदा… कर्ज फेडताना घरखर्चाचा ताळमेळ कसा बसवायचा?

दरवर्षी अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळमध्ये घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस-पिकाचं भाकीत सांगितलं जातं. भाकितावर किती विश्वास ठेवायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण खरिपाच्या तोंडावरचा हा काळ घरच्या हिशेबाची वही उघडायलाही योग्य असतो. कारण बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबाचं आर्थिक वर्ष १ तारखेच्या पगारावर नाही, तर सोयाबीन, कापूस आणि हरभऱ्यावर चालतं.

मोबाइलवरच्या व्हिडीओंमध्ये ‘५०-३०-२०’चा नियम सांगितला जातो : निम्मा पगार गरजांवर, ३० टक्के हौसेवर, २० टक्के बचतीवर. जिथे मुळात पगारच नाही, तिथे हा नियम लावायचा कशाला?

वर्षाचा हिशेब कसा दिसतो?

समजा, चिखली किंवा मेहकर तालुक्यात चार एकर शेती असलेलं एक कुटुंब आहे. सोयाबीन एकरी ६ क्विंटल, भाव साडेचार हजार; म्हणजे हातात १ लाख ८ हजार. एकरी १६ हजारांप्रमाणे लागवड ते मळणीचा ६४ हजारांचा खर्च वजा केला की उरतात ४४ हजार. दोन एकर हरभऱ्याचे ५५ हजार आले आणि खर्च २० हजार झाला, तर ३५ हजार. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून १२ हजार, लाडकी बहीणचे १८ हजार, मजुरीचे ३६ हजार. एकूण १ लाख ४५ हजार.

आता खर्च. किराणा महिना ५ हजार. वीज, गॅस, पेट्रोल, रिचार्ज मिळून अडीच हजार. वर्षाला शाळेचे २० हजार, दवाखान्याचे १२ हजार आणि सणवार, लग्नातले आहेर, पाहुणचार यांचे १२ हजार. बेरीज १ लाख ३४ हजार. शिल्लक फक्त ११ हजार.

याच घराने बचत गटामार्फत मायक्रोफायनान्सचं ५० हजारांचं कर्ज २४ महिन्यांसाठी घेतलं असेल, तर ‘१२ टक्के सरळ व्याजा’ने हप्ता २,५८३ रुपये, म्हणजे वर्षाला ३१ हजार. तूट २० हजारांची. (सरळ १२ टक्के ऐकायला बरं वाटतं. पण दर हप्त्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण ५० हजारांवर लागत राहतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.)

ही तूट बहुतेक घरांत कागदावर येतच नाही. किराणा साडेतीन हजार लिहिला, आहेर वगळले की वहीत हिशेब जुळतो. घरात तो जुळत नाही, आणि उरलेला फरक कृषी सेवा केंद्राच्या उधारीत किंवा हातउसन्यात जाऊन बसतो. गेल्या वर्षी प्रत्यक्षात जे खर्च झाले तेच आकडे लिहावेत, लाज वाटणारेसुद्धा. उत्पन्नात मात्र हात आखडता ठेवावा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे, पण हिशेबात बाजारातला भाव धरावा. एक रुपयातला पीकविमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाल्याने विम्याचा हप्ताही आता खर्चातच येतो. कर्जमाफीचंही तसंच. २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये ती झाली, पण रक्कम खात्यात जमा होईपर्यंत तिला उत्पन्नाच्या रकान्यात जागा नाही.

खरी अडचण एप्रिल ते सप्टेंबरची

या सहा महिन्यांत वरच्या कुटुंबाला किराणा, बिलं, शाळा, दवाखाना आणि हप्ते मिळून साधारण ८६ हजार ५०० रुपये लागतात. मजुरी आणि योजनांचे येतात ३३ हजार. पेरणीचा खर्च बाजूला ठेवला तरी साडेत्रेपन्न हजार कमी पडतात. म्हणजे मार्चमध्ये आलेले हरभऱ्याचे ५५ हजार हा नफा नाहीच, तो पावसाळ्याचा किराणा आणि जूनची शाळा आहे. ते वेगळ्या खात्यात ठेवले नाहीत, तर जुलैत कुणाच्या तरी दारात जावं लागतं.

आधी कोणतं कर्ज फेडायचं?

सर्वात महागडं. शेकडा तीन रुपये म्हणजे वर्षाला ३६ टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली शेतकऱ्याला दिलेल्या विनातारण कर्जावर परवानाधारक सावकाराला वर्षाला १२ टक्के, म्हणजे शेकडा एक रुपयाच घेता येतो. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. जुना दामदुपटीचा नियमच तो. सावकारीत जमीन बळकावली गेली असेल, तर १५ वर्षांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

पीककर्जाची तारीख मात्र चुकवू नये. वेळेत भरलं तर ३ लाखांपर्यंत केंद्र-राज्याच्या सवलतींमुळे व्याजाचा भार जवळपास राहत नाही. तारीख हुकली की सवलत जाते. पण नवं-जुनं करण्यासाठी पंधरा दिवसांकरता शेकडा पाचने १ लाख उचलले आणि सावकाराने महिना पूर्ण धरला, तर ५ हजार तिथेच गेले. बिनव्याजी कर्ज असं महाग पडतं.

नियम काय सांगतो आणि काय सांगत नाही?

एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. वरच्या कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १२ हजार, निम्मे ६ हजार. म्हणजे २,५८३ चा हप्ता भरत असताना, वर्षाला २० हजारांची तूट असताना, नियमाच्या दृष्टीने या घराला आणखी साडेतीन हजारांचा हप्ता पेलतो! एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज निघतं ते याच फटीतून. मर्यादा उत्पन्नावर नव्हे, खर्च जाऊन उरणाऱ्या रकमेवर हवी. या घरात ती महिन्याला जेमतेम ९०० रुपये आहे.

याच निर्देशांत एक तरतूद मात्र कर्जदाराच्या बाजूची आहे. हप्ता किती काळाने भरायचा यात कर्जदाराच्या गरजेनुसार लवचिकता देणारं धोरण संस्थेने ठेवायचं आहे. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. सोयाबीन आणि हरभरा विकल्यावर मोठे हप्ते, मधल्या महिन्यांत लहान, अशी मागणी कर्ज घेतानाच लेखी करता येते. वहीचं पान सोबत जोडलं तर शाखेतल्या अधिकाऱ्यालाही आकडे टाळता येत नाहीत. हप्ता थकल्यानंतर तीच मागणी केली, तर ती सवलतीची विनंती ठरते.