आपला तो बाब्या!



गणपतीत बेडोकच्या आमच्या घरी मुलांच्या आरतीचा व्हिडिओ काढायचा आणि गावाकडच्या आजी-आजोबांसाठी यूट्यूबवर चढवायचा, हा आता रिवाजच झाला आहे. तुमच्याकडेही हेच होत असेल. म्हणून या व्यवहारातली एक गोष्ट आपल्यापुढे मांडावीशी वाटते.

‘सुखकर्ता दुःखहर्ता’ समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात रचली. तिच्या शब्दांवर आज कुणाचीच मालकी नाही. मात्र एखाद्या कंपनीने ध्वनिमुद्रित केलेली आरती त्या कंपनीची. हा फरक पाहण्याचे काम यूट्यूबवर 2007 पासून ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा करते. जुळणी सापडली की दावा लागतो आणि जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे वळवता येतात. पण ही यंत्रणा मिळते मोठा संग्रह असलेल्या कंपन्यांना. आपल्या मुलांचे गाणे कुणी उचलले, तर आपण अर्ज भरत बसायचे!

जाहिरातींचेही तसेच. चॅनलला पुरेसे वर्गणीदार आणि प्रेक्षक नसतील तर उत्पन्नात वाटा नाही. ठीक आहे. पण अशा लहान चॅनलवरही जाहिराती दाखवू आणि त्यांना वाटा देणार नाही, असे यूट्यूबने 2020 मध्ये जाहीर केले. म्हणजे पैसे द्यायला चॅनल लहान, जाहिरात लावायला मात्र मोठे! आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, दुसरे काय? जागा फुकट मिळते आणि तिला खर्च येतो, हे मान्य. पण म्हणून मापे दोन का?

आम्ही रसायनशास्त्राचे. उपकरण चुकू शकते, म्हणून त्याचे निकाल पडताळायची आम्हाला सवय. यूट्यूबच्याच अहवालाप्रमाणे 2021 च्या पहिल्या सहामाहीत 72 कोटींहून अधिक दावे लागले. हरकत घेतली गेली एक टक्क्याहूनही कमी दाव्यांवर. पण जिथे घेतली, तिथे सुमारे 60 टक्के निकाल व्हिडिओ चढवणाऱ्याच्या बाजूने लागले. यावरून सगळ्या दाव्यांतले 60 टक्के खोटे, असे म्हणता येणार नाही. ज्याची बाजू भक्कम तोच बहुधा भांडतो. पण गप्प बसलेल्यांत किती जण बरोबर होते, हे कधीच कळणार नाही.

तेव्हा विनंती एवढीच: दाव्याची सूचना आली की घाबरून व्हिडिओ काढून टाकू नका. आवाज मुलांचा आणि पेटी-तबला घरचा असेल, तर हरकत नोंदवा. दावेदाराने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर दावा आपोआप उठतो. अर्ज भरायला अडचण आली तर मंडळाच्या कार्यक्रमात आम्हाला गाठा, बरोबर बसून भरू.

आणि मागे कंपनीची ध्वनिफीत वाजत असेल, तर दावा मुकाट्याने मान्य करा. माप एकच हवे म्हणतो ना आपण? मग ते आपल्यालाही लागू.