विश्लेषण: सोलापूरची थंडी मध्येच का पळते? बंगालच्या उपसागराशी तिचे नाते काय?

सोलापूरची ओळख कडक उन्हाळ्यासाठी असली, तरी जिल्ह्याच्या शेतीचे बरेचसे गणित हिवाळ्यावर बसलेले आहे. मंगळवेढ्याची ज्वारी, पंढरपूर आणि बार्शी भागातील द्राक्षे, सांगोल्याचे डाळिंब यांना कोरडी, निरभ्र थंडी हवी असते. प्रत्यक्षात चार दिवस हुडहुडी भरते आणि पाचव्या दिवशी आभाळ भरून येते. या लहरीपणाचे कारण अनेकदा शेकडो किलोमीटर दूर, बंगालच्या उपसागरात असते.

सोलापुरात थंडी येते कुठून?

हिमालयात बर्फवृष्टी करणारे पश्चिमी विक्षोभ पुढे सरकले की उत्तर भारतातील थंड, कोरडे वारे मध्य प्रदेश आणि मराठवाड्यावरून सोलापूरपर्यंत पोहोचतात. आकाश निरभ्र असेल तर दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता झपाट्याने सोडते आणि पहाटे पारा खाली येतो. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरचे सरासरी किमान तापमान साधारण १५ ते १६ अंश सेल्सिअस असते, तर दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास जातो. म्हणजे इथली थंडी मुख्यतः रात्रीची आहे. ती टिकण्यासाठी दोन गोष्टी लागतात : उत्तरेचा वारा आणि मोकळे आकाश.

समुद्र इतका दूर असूनही परिणाम कसा?

ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. या दिवसांत थायलंडच्या आखातातून किंवा मलाय द्वीपकल्पाकडून आलेले कमी दाबाचे पट्टे अंदमान-निकोबार बेटे ओलांडून बंगालच्या उपसागरात शिरतात. तेव्हा बेटांभोवतीचा समुद्र खवळतो आणि मच्छीमारांना इशारे दिले जातात. पुढे यातील काही पट्टे तमिळनाडू किंवा आंध्र प्रदेशच्या किनाऱ्याकडे सरकतात.

उत्तर गोलार्धात कमी दाबाभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे त्याच्या उत्तर बाजूला पूर्वेकडून बाष्प घेऊन येणारे वारे तयार होतात. अरबी समुद्र सोलापूरला अधिक जवळ आहे, पण मध्ये सह्याद्री उभा आहे. पूर्वेला तसा सलग अडसर नाही. भीमेचे पाणी कृष्णेतून ज्या समुद्राला मिळते, तिकडूनच हे बाष्प येते. ढग पांघरुणासारखे काम करतात, जमिनीची उष्णता अडवतात आणि रात्रीचे तापमान वाढते.

अलीकडे असे कधी घडले?

‘मंदोस’ चक्रीवादळाने ९ डिसेंबर २०२२ च्या रात्री मामल्लपुरमजवळ किनारा ओलांडला. त्याचे अवशेष द्वीपकल्प पार करून अरबी समुद्रात गेले आणि त्या दिवसांत राज्याच्या अनेक भागांत ढगाळ हवामान राहिले, तुरळक पाऊस झाला. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘फेंगल’ पुद्दुचेरीजवळ धडकले. नोव्हेंबरअखेर राज्यात थंडी जाणवू लागली होती. ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओसरली आणि वादळाचा प्रभाव संपल्यावर परतली. ऑक्टोबर २०२० मध्ये तर काकीनाडाजवळ जमिनीवर आलेली तीव्र प्रणाली तेलंगणा ओलांडून थेट सोलापूरपर्यंत आली. जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि १४ ऑक्टोबरला पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला.

पिकांचे काय होते?

सोलापूरची रब्बी ज्वारी बहुतांशी कोरडवाहू आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेले हे पीक खोल काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. थंडीत बाष्पीभवन कमी होते, त्यामुळे ही ओल अधिक दिवस पुरते. उबदार, ढगाळ दिवस लांबले की ओल लवकर आटते आणि मावा, चिकटा यांचा उपद्रव वाढतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र, नावाला मिळालेला हा मान उत्पादनाची हमी देत नाही.

गुंतागुंत अशी, की डिसेंबरमधील एखादी हलकी सर याच ज्वारीला जीवदान देते. शेजारच्या द्राक्षबागेत मात्र त्याच सरीने डाऊनीचा धोका वाढतो, मणी तडकू शकतात. हरभऱ्यावर घाटेअळी आणि डाळिंबावर तेल्या रोग ही भीती वेगळीच. दुसरीकडे, पारा फार खाली गेला तरी द्राक्षमण्यांची फुगवण मंदावते. म्हणून एकाच शिवारात एकाच दिवसाचे हवामान एकाला लाभाचे आणि दुसऱ्याला तोट्याचे ठरते.

मग लक्ष कशावर ठेवायचे?

बातम्यांत बहुधा पहाटेच्या नीचांकी तापमानाला महत्त्व मिळते. हवामान विभागाच्या निकषानुसार, सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल तर थंडीची लाट मानली जाते. सोलापूरच्या शेतकऱ्यासाठी त्यापेक्षा अधिक उपयोगाचे संकेत म्हणजे वाऱ्याची दिशा, सकाळची आर्द्रता आणि नैर्ऋत्य बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचा अंदाज. तिथे पट्टा तयार झाल्यापासून इथे आभाळ येईपर्यंत बहुधा काही दिवस हाती असतात. फवारणी, विरळणी किंवा काढणीचा निर्णय त्या अवधीत घेता येतो.

व्यवस्था त्यासाठी पुरेशी आहे का?

मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला प्रसिद्ध होतो. मात्र, देशभरातील १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. ११ तालुक्यांच्या सोलापुरात करमाळा आणि अक्कलकोटचे हवामान एकसारखे नसते. जिल्ह्यासाठीचा एकच सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. फळपीक विम्याची भरपाईही पाऊस, तापमान अशा मोजता येणाऱ्या नोंदींवर ठरते. आठवडाभराच्या ढगाळ हवेमुळे वाढलेला फवारणीचा खर्च त्या चौकटीत बसत नाही आणि तो शेतकऱ्याच्याच खिशातून जातो. उपसागरातील हालचाली कोणाला थांबवता येणार नाहीत. पण त्यांची वेळेवर, तालुक्याच्या आणि पिकाच्या भाषेत सूचना मिळाली, तर या खर्चाचा काही भाग निश्चित वाचू शकतो.