डीजेची कला तबकडीत की पेनड्राइव्हमध्ये?

मंगरूळपीरमध्ये 'डीजे' म्हटले की माणूस आठवत नाही, आठवते ती गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत. वरात ठरली की पहिला प्रश्न असतो, '४ बेस की ८ बेस?' वाजवणारा कोण, हे कुणी विचारत नाही. खरे तर डीजे म्हणजे डिस्क जॉकी, म्हणजेच तबकडी वाजवणारा माणूस. म्हणून 'रेकॉर्ड बरी की डिजिटल' हा जगभरातला वाद कर्ज काढून यंत्रे घेणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांनीही समजून घ्यायला हवा.

तबकडीने काय शिकवले?
११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्कने केलेल्या पार्टीपासून हिप-हॉपची सुरुवात मानली जाते. एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन टर्नटेबलवर लावून तो नाचायचा तुकडा लांबवत असे. १९७२ मध्ये आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलमध्ये पट्टा नव्हता, मोटर थेट तबकडी फिरवायची. त्यामुळे हाताने थांबवलेली रेकॉर्ड सोडताच वेग पकडे. दोन गाण्यांची लय जुळवायची ती मात्र कानांनीच.

आपल्याकडे काय झाले?
सुलोचना चव्हाण यांच्या लावण्या, प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते रेकॉर्डवर होती. लाऊडस्पीकरवाले त्या लावत, पण एकात एक मिसळत नसत. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि तबकडी मागे पडली. म्हणजे आपला डीजे तबकडीवर शिकलाच नाही.

मग रेकॉर्ड घ्यावी का?
कामासाठी नको. कारणे साधी आहेत. रेकॉर्डची सुई कंपनांवर चालते. हलत्या गाडीवर, बेसच्या दणक्यात ती उडते किंवा तोच दणका उचलून स्पीकरमध्ये घुमवते. १२ इंची रेकॉर्ड साधारण १४० ते १८० ग्रॅमची, म्हणजे १०० रेकॉर्डचे ओझे १४ किलोच्या पुढे. आजची वरातीची रिमिक्स रेकॉर्डवर मिळतही नाहीत. पेनड्राइव्हमध्ये हजारो गाणी खिशात मावतात.

'रेकॉर्डचा आवाज उबदार असतो' हा आवडीचा भाग झाला. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सीडी सुमारे ९६ डेसिबलपर्यंत पेलते, रेकॉर्ड त्याहून बरेच कमी. डिजिटलमध्ये खोट येते ती फाइलमुळे. एकमेकांना पाठवून दाबली गेलेली १२८ केबीपीएसची एमपीथ्री मोबाइलवर खपून जाते, मोठ्या स्पीकरवर मात्र झांज चिरकते. ३२० केबीपीएसची चांगली फाइल घेणे हे नव्या स्पीकरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

खरा मुद्दा
आज 'सिंक'चे बटण दाबले की दोन गाण्यांची लय आपोआप जुळते. ते बटण वाईट नाही. पण पहिल्या दिवसापासून तेच दाबले तर कान तयार होत नाहीत. मग दोन डीजेंमध्ये फरक उरतो तो फक्त दणक्याचा, आणि स्पर्धा आवाज वाढवण्याची होते.

ती स्पर्धा महागात पडते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर उघड्यावर रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद. नियम मोडल्यास यंत्रे जप्त होऊ शकतात आणि हप्ता मात्र सुरूच राहतो. आजूबाजूची म्हातारी माणसे, तान्ही बाळे यांना होणारा त्रास वेगळाच.

म्हणून यंत्र डिजिटलच घ्या, पण शिकताना सिंक बंद ठेवा. एका कानाला हेडफोन लावून पुढचे गाणे ऐका, लय स्वतः जुळवा. कोणत्या गाण्यानंतर कोणते लावायचे, आजीपासून नातवापर्यंत कोण कशावर नाचेल, हे ओळखायला शिका. ते ज्याला जमते, त्याला ४ बेसही पुरतात.