सरासरी पाऊस कुठे पडतो?

दरवर्षी एप्रिलमध्ये हवामान खात्याचा मान्सूनचा अंदाज येतो आणि आमच्या कॅन्टीनमध्ये '१०५ टक्के रे यंदा!' अशी चर्चा रंगते. जणू काही अप्रेझलचं रेटिंगच. १०५ म्हणजे छान, ९२ म्हणजे वाईट. चला, विषय संपला.

हे टक्के कशाचे? तर देशात जून ते सप्टेंबर सरासरी ८७ सेंटीमीटर पाऊस पडतो, त्याचे. जैसलमेरपासून चेरापुंजीपर्यंत सगळं एकाच भांड्यात ओतून काढलेला आकडा. शेती, धरणं, महागाई यांचा हिशोब मांडणाऱ्यांना तो लागतोच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपण तो आपल्या गल्लीचा म्हणून वाचतो, ही खरी गंमत.

सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम दाखवून कोणी 'सगळं ठीक आहे' म्हणालं, तर आपण त्याला मीटिंगमध्ये सोलून काढतो. हजारातल्या त्या एका रिक्वेस्टचं काय झालं ते सांग, म्हणतो. पावसाच्या बाबतीत मात्र ही अक्कल कुठे जाते कोण जाणे. २००५चा मान्सून देशासाठी ९९ टक्के होता, म्हणजे अगदी नॉर्मल. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. आणि कुलाब्याला? जेमतेम ७३! २०२४च्या जूनमध्ये दिल्ली आधी भाजून निघाली आणि २८ तारखेला एका दिवसात २२८ मिलिमीटर पावसात बुडाली. महिन्याची सरासरी काढून यातलं काय कळणार?

उन्हाचंही तेच. सपाटीवर ४०च्या पुढे पारा गेला की उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो, किनारपट्टीवर ३७च्या पुढे. का? तर दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ला उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात उन्हाने माणसं दगावली, तेव्हा पारा काही ४५ला नव्हता.

आणि वादळ तर एप्रिलमध्ये कोणी सांगूच शकत नाही. ते कळतं रडारवर, दोन-तीन तास आधी. १३ मे २०२४ला घाटकोपरला होर्डिंग पडून १७ जण गेले, ते अशाच एका संध्याकाळच्या वावटळीत.

म्हणून माझं मत असं की, तो मोठा आकडा पेपरात वाचून सोडून द्या आणि त्या दिवशीचा इशारा बघा. पण इथेच एक भानगड आहे. गेल्या मे महिन्यात ऑरेंज अलर्ट आला, तेव्हा 'दुपारनंतर घरून काम करा' अशी मेल आम्हाला आली. बाहेर पडताना गेटवरचे काका पत्र्याच्या केबिनमध्ये बसलेले. ते कंत्राटदाराचे, मेलिंग लिस्टवर नाहीत. मला म्हणाले, "आज लवकर सुटलात साहेब?" काय सांगणार, कप्पाळ!

२०१०च्या उन्हाळ्यात पोळल्यावर अहमदाबादने २०१३मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. इशारा आला की कोणी काय करायचं, हे आधीच ठरलेलं. शहराला जमतं, मग एका बिल्डिंगला का जमू नये? गेटवर सावली, पाणी, दुपारची ड्युटी अर्धी-अर्धी, वादळाचा इशारा आला की काका लॉबीत. एवढंच लिहून ॲडमिनला मेल टाकली आहे. 'नोटेड' असं उत्तर आलंय. सोमवारी परत विचारतो.